नॅनोकणांसाठी झोलेड्रोनिक थांबवावे का?

इचलकरंजीहून एका वाचक ताईंनी पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे:

«माझ्या आईचे वय ६१ आहे. सहा वर्षांपूर्वी तिचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले. केमो झाले, लाईट दिले आणि नंतर पाच वर्षे हार्मोनच्या गोळ्या चालल्या. गेल्या दिवाळीनंतर तिची कंबर दुखू लागली. पेट स्कॅनमध्ये मणके, दोन बरगड्या आणि खुब्याच्या हाडात रोग पसरल्याचे निघाले. फुप्फुस आणि यकृत स्वच्छ आहेत. डॉक्टरांनी हार्मोनचे नवे इंजेक्शन, कर्करोगाची वाढ रोखणाऱ्या पाल्बोसिक्लिबच्या गोळ्या आणि दर महिन्याला झोलेड्रोनिक ॲसिडचे सलाईन सुरू केले. दोन सलाईन झाली. माझा भाऊ पुण्यात नोकरी करतो. औषध थेट हाडातल्या गाठीपर्यंत नेणाऱ्या नॅनोकणांबद्दल त्याने वाचले आहे. एका खासगी केंद्राने आम्हाला ‘हाडांसाठी नॅनो थेरपी’ साडेचार लाखांत देऊ केली आहे, मात्र त्याआधी झोलेड्रोनिक बंद करा, त्याने जबडा कुजतो, असे सांगितले. भाऊ गावाकडची जमीन विकायला तयार आहे. आम्ही काय करावे? आणि आणखी एक लहानशी गोष्ट. आई ऐकत नाही, घरातली सगळी कामे करते, पाणीसुद्धा भरते. तिला करू द्यावे का?»

सप्रेम नमस्कार ताई,

प्रथम माझी मर्यादा सांगतो. मी कर्करोगतज्ज्ञ नाही. औषध शरीरात योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात कसे पोहोचवावे हा विषय मी औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अनेक वर्षे शिकवला, आणि नॅनोकण हा त्यातला माझ्या विशेष आवडीचा भाग होता. त्यामुळे तुमच्या आईला कोणती गोळी द्यावी हे मी सांगणार नाही, ते तिचे डॉक्टर सांगतील आणि तुमच्या पत्रावरून ते योग्य वाटेने चालले आहेत असे मला वाटते. पण नॅनोकणांच्या नावाखाली तुम्हाला जे विकले जात आहे त्याबद्दल मात्र मी अधिकाराने बोलू शकतो. झोलेड्रोनिक थांबवू नका आणि जमीन विकू नका, हे माझे उत्तर आहे. त्याची कारणे जरा विस्ताराने सांगतो, कारण ती तुमच्या भावालाही पटली पाहिजेत. तो आईसाठीच धडपडतो आहे, त्याला नुसते ‘नाही’ म्हणून चालणार नाही.

कर्करोग हाडाकडे का जातो, हा प्रश्न जुना आहे. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि रोग शरीरात वाटेल तसा विखुरत नाही, काही अवयव त्याला विशेष मानवतात, असे दाखवून दिले. त्यांनी दिलेली उपमा बी आणि मातीची होती. शेतकऱ्याच्या घरातील माणसाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. हाड ही अशी माती का ठरते, हे पुढच्या शतकात उलगडले. आपले हाड दगडासारखे निर्जीव नसते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी ते सतत पोखरत असतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी ते पुन्हा भरून काढत असतात. कर्करोगाची पेशी हाडात येऊन बसली की ती असे रासायनिक संदेश सोडते की त्यामुळे पोखरणाऱ्या पेशींची संख्या आणि उत्साह दोन्ही वाढतात. हाड पोखरले गेले की त्यात साठवलेले वाढीचे घटक आणि कॅल्शियम मोकळे होते, त्यावर कर्करोगाची पेशी पोसते आणि आणखी संदेश सोडते. हे दुष्टचक्र एकदा फिरू लागले की वेदना, मणका दबणे आणि किरकोळ धक्क्याने हाड मोडणे हे सगळे त्यातून उद्भवते.

आता तुमच्या सलाईनकडे येऊ. झोलेड्रोनिक ॲसिड हे बिस्फॉस्फोनेट कुळातील औषध आहे. या कुळातील रेणूंमध्ये फॉस्फरसच्या दोन अणूंच्या मध्ये कार्बनचा एक अणू अशी रचना असते आणि ती हाडातील कॅल्शियमच्या खनिजाला घट्ट चिकटते. शिरेतून दिलेले हे औषध रक्तात फार काळ रेंगाळत नाही. त्याचा मोठा वाटा हाडावर जाऊन बसतो, त्यातही जेथे हाड वेगाने पोखरले जात आहे तेथे अधिक बसतो, आणि उरलेले मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. पोखरणारी पेशी ते हाडाबरोबर गिळते आणि निकामी होते, म्हणजे वर सांगितलेल्या दुष्टचक्राचा एक आरा मोडतो. ‘थेट हाडापर्यंत पोहोचणारे औषध’ असे ज्याचे वर्णन तुमच्या भावाने वाचले, तशा प्रकारचे एक औषध तुमच्या आईला दोनदा दिलेही गेले आहे. त्याच्या बाटलीवर नॅनो हा शब्द नाही आणि ते जेनेरिक स्वरूपात मिळते, म्हणून त्याचा रुबाब वाटत नाही, एवढेच.

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. प्रयोगशाळांत हाडाकडे जाणारे नॅनोकण बनवताना त्यांना हाडाचा पत्ता कसा दिला जातो? बहुतेक वेळा कणाच्या पृष्ठभागावर याच बिस्फॉस्फोनेट कुळातील एखादा रेणू, अलेन्ड्रोनेट किंवा खुद्द झोलेड्रोनेट, जोडून. पत्र नवे असले तरी पाकिटावरचा पत्ता जुनाच. तेव्हा नॅनोच्या नावाने झोलेड्रोनिक बंद करायला सांगणारा मनुष्य एक तर विषय जाणत नाही, किंवा जाणूनबुजून तुमची दिशाभूल करतो आहे. तिसरी शक्यता मला दिसत नाही.

म्हणून नॅनोकणांचे संशोधन खोटे आहे असे मात्र समजू नका. ते अस्सल आहे आणि सुंदरही आहे. हे कण साधारणपणे शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात हजार नॅनोमीटर रुंद असते, म्हणजे तिच्यासमोर हा कण बैलगाडीपुढे ठेवलेल्या लिंबाएवढा. त्याच्या पोटात केमोचे औषध भरता येते, बाहेरून रक्तपेशींना चुकवणारे आवरण देता येते आणि टोकाला पत्ता लावता येतो. बॉस्टन येथील संशोधकांनी २०१४ मध्ये अलेन्ड्रोनेट जोडलेल्या कणांत बोर्टेझोमिब हे कर्करोगाचे औषध भरून ते उंदरांना दिले, तेव्हा त्यांच्या हाडातील मल्टिपल मायलोमाची वाढ मंदावली आणि हाडे मजबूत राहिली. मायलोमा हा अस्थिमज्जेतच जन्मणारा कर्करोग आहे, बाहेरून पसरून आलेला नव्हे, हा फरक ध्यानात ठेवावा. अमेरिकेतील सेंट लुईस येथील गटाने २०१७ मध्ये आणखी एक वेगळी वाट दाखवली. हाडात रुजलेल्या स्तनाच्या कर्करोगपेशी आपल्या पृष्ठभागावर बीटा-३ इंटिग्रिन नावाचे प्रथिन मूळ गाठीपेक्षा जास्त प्रमाणात मिरवतात, असे त्यांना आढळले, आणि त्या प्रथिनालाच पकडणाऱ्या कणांतून त्यांनी डोसिटॅक्सेल हे केमोचे औषध पोहोचवले. यात पत्ता हाडाचा नाही, हाडात लपलेल्या चोराचा आहे. मला स्वतःला ही कल्पना अधिक मोलाची वाटते. तेथेही उपचार झाला तो उंदरांवर.

उंदरापासून माणसापर्यंतची वाट किती बिकट आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. शिरेत सोडलेल्या कणांपैकी बराच मोठा हिस्सा यकृत आणि प्लीहा येथील भक्षक पेशी गिळून टाकतात, कारण परका कण दिसला की तो उचलणे हेच त्यांचे काम. टोरंटो विद्यापीठातील वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतील प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचलेल्या भागाचा मध्यांक अवघा ०.७ टक्के निघाला. शंभर पाकिटे टपालात टाकावीत आणि एकही धड पोहोचू नये, असा हा हिशोब. हाडाच्या बाबतीत अडचण आणखी एक आहे. बिस्फॉस्फोनेटचा पत्ता असलेला कण खनिजाला चिकटतो, पण गाठ असते मज्जेच्या पोकळीत. चिकटल्यावर औषध त्याच जागी, योग्य वेगाने सुटले पाहिजे, नाही तर पाकीट दारात पडून राहायचे. शिवाय निरोगी हाडही सतत घडत-मोडत असते, म्हणून काही कण तेथेही जाऊन बसणार. पोखरणाऱ्या पेशी हाडावर आम्ल सोडतात, त्या आम्लानेच कण फुटावा अशी रचना करण्याचे प्रयत्न म्हणूनच चालू आहेत.

आणि बाजारातला अनुभव काय सांगतो? बाइंड थेराप्युटिक्स या अमेरिकी कंपनीने प्रोस्टेटच्या कर्करोगपेशी ओळखणारे, डोसिटॅक्सेल भरलेले कण माणसांवरील चाचण्यांपर्यंत नेले होते. त्या काळी आम्ही सगळे त्याकडे डोळे लावून बसलो होतो. २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हुशार माणसे, चांगली कल्पना आणि भरपूर भांडवल असूनही जे साधले नाही, ते कोणत्याही चाचणीशिवाय एखाद्या खासगी केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर साधले असेल, यावर विश्वास ठेवणे मला जड जाते.

रुग्णांसाठी मान्यता मिळालेली नॅनो औषधे आहेत, हेही सांगायला हवे. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध चरबीच्या सूक्ष्म कुप्यांत भरून देण्याला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली, आणि अल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेलला २००५ मध्ये. पहिल्याची गंमत अशी की २०१२ च्या सुमारास अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला तेव्हा तेथील औषध नियामकांनी आपल्या सन फार्माने बनवलेले त्याच प्रकारचे औषध तात्पुरते आयात करू दिले. तेव्हा ‘हे फक्त परदेशात मिळते, आम्ही खास मागवतो’ असे कोणी म्हटले तर ते खरे नव्हे. ही औषधे आपल्याकडील कर्करोग रुग्णालयांत गरजेनुसार वापरली जातात. त्यांचा मुख्य फायदा असा की पहिल्याने हृदयावरचा घातक परिणाम कमी होतो आणि दुसऱ्यात जुन्या द्रावकामुळे येणारी ॲलर्जी टळते. पण ती हाडाचा शोध घेत जात नाहीत. हाडाचा पत्ता लावलेला एकही नॅनोकण कर्करोगाचे मान्यताप्राप्त औषध झालेला नाही. तुमच्या आईचा रोग पुढेमागे हार्मोनच्या औषधांना दाद देईनासा झाला तर या दोहोंपैकी एखादे तिच्या डॉक्टरांच्या विचारात येऊ शकते. ती वेळ आज आलेली नाही.

पत्त्याची हीच कल्पना नॅनोकणांशिवाय माणसांत यशस्वी झालेली आहे, ती मात्र जाता जाता सांगतो. रेडियम-२२३ हे किरणोत्सारी मूलद्रव्य कॅल्शियमसारखे वागून हाडात शिरते आणि अगदी थोड्या अंतरात आपला मारा करते. हाडात पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी त्याला २०१३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा चाचणीतील रुग्णांचे मध्यांक आयुर्मान ११.३ महिन्यांवरून १४.९ महिन्यांवर गेले होते. ते स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य नाही, म्हणून त्याच्या मागे लागू नका. मात्र अनेक ठिकाणच्या हाडदुखीसाठी फॉस्फोनेटशी जोडलेले समेरियम-१५३ हे किरणोत्सारी औषध वापरले जाते आणि ते आपल्या मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही विकसित केलेले आहे. आईच्या वेदना पुढे आवरेनाशा झाल्या तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारता येईल. एकाच ठिकाणी जास्त दुखत असेल तर त्याआधी साधे रेडिएशन आहेच. ते पूर्वीसारखे अनेक दिवस घ्यावे लागेल असेही नाही, कारण दुखणे कमी करण्यापुरते एकाच बैठकीतील ८ ग्रेचे (ग्रे हे मात्रेचे एकक) रेडिएशन बहुतेकांना तेवढाच आराम देते.

आता जबड्याची भीती. ती निराधार नाही, पण ती फुगवून सांगितली आहे. झोलेड्रोनिक घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांत जबड्याचे हाड उघडे पडून न भरण्याचा त्रास मोठ्या चाचण्यांत शेकडा एक-दोन जणांना झालेला आहे, आणि त्यातही दात काढण्यानंतर तो जास्त दिसतो. म्हणून दातांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. किडलेला दात काढायचा किंवा बसवायचा असेल तर ते कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे, आणि दातांच्या डॉक्टरांना ‘आईला झोलेड्रोनिक चालू आहे’ हे न चुकता सांगावे. प्रत्येक सलाईनआधी मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन पाहिले जाते का, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरेसे आहे का, हेही विचारा. औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, म्हणून ही काळजी. त्याच कारणाने धातूंची भस्मे, ‘सुवर्ण नॅनो’ म्हणून विकली जाणारी चूर्णे किंवा दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न सांगता देऊ नका.

दर महिन्याला सलाईनसाठी करावी लागणारी यातायात जड जात असेल, तर तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. अमेरिकेत १,८२२ रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे सलाईन चार आठवड्यांऐवजी बारा आठवड्यांनी दिले तरी दोन वर्षांत हाड मोडण्यासारख्या घटना वाढल्या नाहीत असे दिसून आले. त्यात हाडात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाचे रुग्णही होते. सुरुवातीला दरमहा आणि नंतर तीन महिन्यांनी असे आईच्या बाबतीत चालेल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. स्वतःच्या मनाने अंतर वाढवू मात्र नका.

पैशांबद्दल तुम्ही स्पष्ट लिहिले आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहितो. पाल्बोसिक्लिबचे भारतातील पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले आणि त्यानंतर त्याच्या जेनेरिक गोळ्या बाजारात आल्या, तेव्हा तुम्ही कोणत्या कंपनीची घेता आणि त्याहून स्वस्त मिळते का याची चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या कोणत्या उपचारांचा खर्च भागतो, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्या. पुढे कधी जमीन विकावीच लागली, तर तेच साडेचार लाख आईच्या गोळ्या, प्रवास, तपासण्या आणि घरात मदतीला ठेवायच्या बाईचा पगार अशा गोष्टींना कित्येक महिने पुरतील.

भावाला संशोधनातच रस असेल तर त्याला योग्य दार दाखवतो. आपल्या देशात माणसांवरील औषध चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करणे २००९ पासून बंधनकारक आहे, ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. नॅनो औषधांचे मूल्यमापन कसे व्हावे याची मार्गदर्शक तत्त्वेही केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. त्या केंद्राला त्याने तीनच गोष्टी लेखी विचाराव्यात. औषधाचे नाव आणि त्याला केंद्रीय औषध नियामकांची मान्यता आहे का? मान्यता नसेल तर चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? आणि कोणत्या नैतिकता समितीने तिला परवानगी दिली? खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत, इजा झाल्यास भरपाईची तरतूद असते, संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत मिळते आणि कधीही बाहेर पडता येते. जेथे पैसे आधी आणि कागद नंतर, तेथून उठून यावे. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरे मत घेण्याची त्याची इच्छा असेल तर तेथे आईचे सगळे कागद घेऊन जाणे हा त्याच्या धडपडीचा चांगला उपयोग होईल.

एक सावधगिरी आजच घरातील सर्वांना सांगून ठेवा. मणक्यात रोग आहे, म्हणून पायांत अचानक कमजोरी किंवा बधिरता आली, चालताना तोल जाऊ लागला, पाठीतून पट्ट्यासारखी कळ पोटाकडे येऊ लागली, लघवी-शौचावरचे नियंत्रण सुटले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मज्जारज्जू दबत असल्याची ती चिन्हे असतात आणि तेथे तासांचा हिशोब असतो. खूप तहान, मळमळ, बद्धकोष्ठता आणि गुंगी ही एकत्र आली तर रक्तातील कॅल्शियम वाढले असू शकते, तेव्हाही त्याच दिवशी तपासणी व्हावी. आणि तीन महिन्यांनी बोन स्कॅन केले व त्यात डाग अधिक गडद दिसले तर लगेच घाबरू नका, भरून येणारे हाडही स्कॅनमध्ये उजळते. त्याचा अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या.

राहिला तुमचा ‘लहानसा’ प्रश्न, जो मला मुळीच लहान वाटला नाही. आईला कामे करू द्या. स्वयंपाक, भाजी निवडणे, अंगणात फेऱ्या मारणे याने तिचे स्नायू टिकतील आणि मनही रमेल, कारण अंथरुणाला खिळून राहिले की हाडे आणखी विरळ होतात. परंतु खुब्याच्या हाडाला फ्रॅक्चरचा किती धोका आहे हे तिच्या डॉक्टरांना, गरज पडल्यास हाडांच्या डॉक्टरांना, एकदा विचारून घ्या. त्यांनी मोकळीक देईपर्यंत वाकून वजन उचलणे, पाटा-वरवंटा, ओल्या कपड्यांचे पीळ आणि न्हाणीघरातील निसरडी फरशी यांपासून तिला जपा. पाण्याची कळशी मात्र आजपासून तुमच्या भावाच्या किंवा तुमच्या हाती असू द्या, आणि तिने हट्ट धरलाच तर तांब्या-तांब्याने भरू द्या.